ओरेगॉन ट्रेल: गर्न्सी ते साउथ पास, एक दिवस

ओरेगॉन ट्रेल म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्यांची गाडीवाट. वायोमिंग राज्यातल्या गर्न्सीजवळ आज वाळूच्या दगडात त्यांच्या गाड्यांच्या चाकोऱ्या पाहिल्या. काही ठिकाणी पाच फूट खोल! नदीकाठच्या भूरचनेमुळे जवळपास प्रत्येक गाडी इथूनच जायची आणि दगड मऊ, म्हणून एवढी झीज. सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात कडा स्पष्ट दिसतात. चाकोरीत मात्र उतरू नका, दगड अजूनही झिजतो.

पुढे इंडिपेंडन्स रॉक, वाटेवरचा प्रचंड खडक. ४ जुलैपर्यंत इथे पोचलं की हिवाळ्याआधी डोंगर ओलांडता येतील, हा तेव्हाचा हिशेब. बैलगाडी दिवसाला २५ किलोमीटरच्या आसपास जायची. आपण तेवढं पाव तासात कापतो, हे मनातून जात नाही.

साउथ पास ही त्यांची डोंगर ओलांडायची खिंड २,२५९ मीटरवर, पण खिंड वाटतच नाही, इतकी सपाट. लँडर गावात टाकी भरा, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. पाऊस झाला असेल तर कच्च्या रस्त्यावर जाऊच नका: चिकणमाती टायरला थापून बसते, फोर-व्हील-ड्राइव्हही रुतते.