पॅट्रिशोचं दगडी कुंड

वेल्सच्या ब्लॅक माउंटन्समधलं पॅट्रिशोचं चर्च बघायला बहुतेक लोक जातात ते वेदीचा भाग वेगळा करणाऱ्या कोरीव लाकडी पडद्यासाठी. आम्ही गेलो बाप्तिस्म्याच्या कुंडासाठी.

न्यूपोर्टला गाडी बदलून अ‍ॅबरगॅवेनीला उतरलो आणि पुढं भाड्याची कार घेतली. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, त्यावर जाऊ नका. मुख्य रस्ता सोडला की वाट जेमतेम एका गाडीपुरती, दोन्हीकडे झुडपांची उंच कुंपणं. समोरून ट्रॅक्टर आला की मागं सरकायचं ते आपणच. रिव्हर्सचा हात बसलेला नसेल तर दुसऱ्या कुणाला चालवायला द्या.

चर्चच्या खाली, वळणावर ओढ्याकाठी संत इसुईची विहीर आहे; चर्चही त्याच्याच नावाचं. विहीर कसली, दगडांत बांधलेला झरा. ज्याला आसरा दिला त्याच पांथस्थानं इसुईला मारलं, आणि पुढं या पाण्यानं महारोग बरा झालेल्या यात्रेकरूनं चर्चसाठी सोनं दिलं, अशी कथा सांगतात. आधी विहीर बघा, मग वर चढा.

चर्च लहानसं. आत शिरल्यावर नजर सरळ पडद्याकडे जाते. साधारण १५०० सालचं ओकचं कोरीवकाम, ड्रॅगनच्या तोंडातून निघालेली वेल! पण जरा थांबा, आधी कुंडाकडे वळा. टबासारखं गोल, जाडजूड, पहिल्या नजरेत ओबडधोबडच वाटतं. काठावर लॅटिन अक्षरं कोरली आहेत : ‘मेनहिर मे फेसित इन तेंपोरे गेनिलिन’. म्हणजे गेनिलिनच्या काळात मेनहिरनं मला घडवलं. हा गेनिलिन इथला सरदार; त्यावरून कुंड १०५५च्या सुमाराचं, फ्रान्सकडून नॉर्मन राज्यकर्ते येण्याआधीचं मानतात. भोवतीची आजची इमारत बरीचशी नंतरची.

आपल्याकडच्या शिलालेखांत बहुधा ज्यानं करवून घेतलं त्याचा मान पहिला. इथं कारागीर आधी आणि सरदार फक्त काळ सांगण्यापुरता! मला तरी पडद्यापेक्षा हेच जास्त भावलं.

अक्षरं समोरून बघितली तर लागत नाहीत. टॉर्च काठाच्या पातळीवर, बाजूनं धरा. सावली पडली की एकेक अक्षर उठून येतं. मोबाइलचा उजेड पुरतो, पण बॅटरी राखून ठेवा. दगडाला हात लावू नका. भिंतीवरचा कोयता, वाळूचं घड्याळ आणि फावडं घेतलेला सांगाडाही चुकवू नका. मुलांना आधी कल्पना द्या.

दुकान, चहा, स्वच्छतागृह यांतलं काही तिथं मिळेल असं धरून जाऊ नका. मोबाइलला रेंज नव्हती, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. दानपेटीसाठी सुटे पाउंड ठेवा. परतताना फॉरेस्ट कोल पिट नावाच्या वस्तीजवळ पाच रस्ते एकत्र येतात. आम्ही तिथं दोनदा चुकलो.