पातं हिरवं, आणि यंत्र गप्प

परवा सकाळी अकराच्या उन्हात गवताच्या एका ठोंबापुढे मांडी घालून बसले होते. वायू मोजणाऱ्या यंत्राच्या चिमट्यात एक पातं धरलेलं. पातं दिसायला हिरवंगार, पण प्रकाशसंश्लेषणाचा आकडा काही केल्या वर चढेना. आधी वाटलं, पुन्हा माझाच श्वास आडवा आला. (हे आधी झालंय. हवेत दहा लाख भागांत साधारण 420 भाग कार्बन डायऑक्साइड असतो, आपल्या उच्छ्वासात तो चाळीस हजारांच्या घरात. नळीच्या तोंडाशी वाकून नुसतं "हं, बघू" म्हटलं तरी आकडे नाचायला लागतात.) तोंड फिरवून पुन्हा मोजलं. तेच.

हा ठोंब नऊ वर्षांचा, शेजारच्या वाफ्यातला दोन वर्षांचा. तिथलं पातं जोरात चाललं होतं. मी वहीत लिहून मोकळी झाले: "वय झालं, दमलाय."

दुपारी वही चाळताना माझी मलाच लाज वाटली. जुन्या ठोंबाची वरची पाती अरुंद होती, चिमट्यात नीट बसेनात, म्हणून मी खालचं रुंद पातं धरलं होतं. तरुण ठोंबाचं मात्र वरून दुसरं. म्हणजे मी ठोंबाचं वय मोजतच नव्हते, पात्याचं मोजत होते.

गवत बारमाही असलं तरी पातं बारमाही नसतं. बारमाही रायगवताच्या एका फुटव्यावर साधारण तीनच जिवंत पाती असतात. चौथं वर आलं की पहिलं वाळायला लागतं. नऊ वर्षांच्या ठोंबावर नऊ वर्षांचं पातं शोधून सापडणार नाही. एवढंच काय, एकाच पात्यातही वयं वेगळी असतात. गवताचं पातं बुडातून वाढतं, त्यामुळे शेंडा सगळ्यात जुना. पिवळेपणा शेंड्याकडून खाली सरकतो तो म्हणूनच. चिमटा दोन बोटं वर धरला की खाली, यानेही आकडा बदलतो.

पण मग ते खालचं पातं हिरवं कसं? मला खरी गंमत इथेच वाटते. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे प्रथिन म्हणजे पात्यातली नत्राची मोठी ठेव. पातं उतरणीला लागलं की झाड ही ठेव मोडायला घेतं. नत्र नव्या पात्याकडे किंवा जमिनीखालच्या भागात रवाना होतं. यंत्रसामग्री अशी सुटी होत असताना हरितद्रव्य अजून बरंचसं जागेवर असतं. कारखान्यातले दिवे चालू, कामगार मात्र घरी गेलेले.

याचं टोकाचं उदाहरण कुरणातल्या फेस्क्यू गवताचं. त्याच्या एका वाणात पातं म्हातारं झालं तरी पिवळं पडतच नाही, कारण हरितद्रव्य मोडण्याची वाटच बंद. प्रकाशसंश्लेषण मात्र इतर गवतांसारखंच उतरतं. निव्वळ देखावा! या गवताच्या अभ्यासातून पुढे आलेल्या जनुकाचा धागा 2007 साली थेट मेंडेलच्या वाटाण्यापर्यंत पोचला. 1866 च्या निबंधातले ते हिरवे-पिवळे दाणे, त्यामागेही हेच जनुक. वाटाणे मोजत बसलेल्या मेंडेलला याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

काल सगळं पुन्हा केलं. प्रत्येक फुटव्यावर वरून पहिलं पूर्ण उघडलेलं पातं निवडलं, त्याला लाल दोरा बांधला, चिमटा पात्याच्या मधोमध. अरुंद पाती दोन-दोन शेजारी लावली आणि क्षेत्रफळ पट्टीने मोजून घातलं. कंटाळवाणं काम, मान आखडली.

दोन ठोंबांतला फरक पुष्कळ कमी झाला, पण पुरता गेला नाही. आता माझा संशय नत्रावर आहे. मिस्कॅन्थससारख्या उंच गवतातही लागवड जुनी झाली की पानांचा वेग उतरतो आणि नत्र दिलं की बराचसा सावरतो. आमच्या ठोंबाचा मधला भाग मरून टक्कल पडलंय, जिवंत फुटवे फक्त कडेला, दाटीवाटीने. उद्यापासून अर्ध्या ठोंबांना नत्र देणार आहे. दोरा आणखी लागेल. लाल संपलाय, निळा आहे.