लेबल पिवळंच होतं, तरी बंगडा थांबवला

मी अंधेरीला मासे साफ करून, पॅक करून घरपोच देणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघते. मध्यंतरी आमच्याकडे पॅकवर लावायच्या रंग बदलणाऱ्या लेबलची ट्रायल चालू होती, त्यातला एक दिवस सांगायचाय, कारण तेव्हापासून कुणी म्हणालं ना की आता लेबल बघायचं आणि बिनधास्त खायचं, की मला गप्प बसवत नाही.

आधी ते लेबल कसं चालतं ते सांगते. ट्रेवरच्या प्लास्टिकला आतल्या बाजूने एक छोटा ठिपका असतो, त्यात ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचा रंग. मासा ताजा असेपर्यंत पिवळा. समुद्राच्या माशात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ मुळातच असतो, बॅक्टेरिया वाढले की ते त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, शिळ्या मासळीचा जो वास आपल्याला येतो तो बराचसा त्याचा, जोडीला अमोनिया. हे वायू पॅकमधल्या मोकळ्या जागेत साठतात आणि ते अल्कधर्मी असल्यामुळे ठिपका पिवळ्याचा हिरवा, मग निळा होतो. हळदीत चुना घातला की लाल कुंकू होतं ना, तसाच प्रकार, फक्त रंग वेगळे.

बोंबील, पापलेट, कोळंबीला लेबल झकास चाललं होतं. मोरीच्या अंगात युरिया भरपूर, त्याचा अमोनिया लवकर सुटतो म्हणून तिथे ते घाईघाईने निळं व्हायचं, पण एकंदर सगळे खूश, मीसुद्धा. मार्केटिंगवाल्यांनी तर 'पिवळा म्हणजे ताजा' असं छापून पण घेतलं होतं.

गणपती उठले होते. गणपती उठल्यावर मुंबईला मासे किती लागतात ते वेगळं सांगायला नको, ऑर्डरी तुंबलेल्या आणि नेमका त्याच दिवशी पहाटेपासून धो धो पाऊस. ससून डॉकवरून बंगड्याचा टेम्पो निघाला तो हिंदमाताला पाण्यात अडकला. आमच्या छोट्या टेम्पोंचं कूलिंग इंजिनवर चालतं, इंजिनात पाणी गेलं की कूलिंग पण गेलं. ड्रायव्हरदादा बिचारा गुडघाभर पाण्यात उभा राहून फोन करत होता, दुसरी गाडी कुठून येणार, सगळीच मुंबई अडकलेली. टेम्पो अंधेरीला पोचला तेव्हा दुपार होत आली होती आणि क्रेटमधल्या बर्फाचं नुसतं पाणी राहिलं होतं.

फ्लोअरवर लगेच पुन्हा बर्फ घातला, साफसफाई सुरू झाली, सँपलचे काही ट्रे पॅक करून लेबल लावून ठेवले. ठिपका पिवळाधमक. आमच्या लाइनवर एक मावशी आहेत, कोळीवाड्यातल्या, त्यांची नजर मी कुठल्याही लेबलच्या वर धरते. त्यांनी कल्ले उचलून बघितले, बोटाने दाबून बघितलं, म्हणाल्या, "जरा नरम लागतो मॅडम, पन मासा चांगला हाय." वासही नव्हता. सर म्हणाले, "अगं लेबल पिवळं, मावशी हो म्हणतायत, आता कसली वाट बघतेस? चारच्या स्लॉटला द्यायचेत."

पण क्रेटवर आम्ही दुसरी एक पट्टी लावतो, तिला वायूशी काही देणंघेणं नसतं, ती फक्त किती गरम आणि किती वेळ एवढंच बघते. ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं की आतला निळा रंग वितळून कागदावरून पुढे सरकत राहतो आणि मागे कधीच येत नाही. पोलिओच्या डोसच्या बाटलीवर तो चौकोन असतो ना, उष्णता लागली की गडद होत जाणारा, 1996 पासून आहे तो, त्याचं काम पण हेच. तर ही पट्टी शेवटपर्यंत निळी झालेली. मग क्रेटमधल्या लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवत राहणाऱ्या यंत्राचा, ग्राफ मोबाईलवर काढला तर पाच तासांच्या वर 4 डिग्रीच्या पुढे, त्यातला बराच वेळ 24-25. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याची, बंगड्यासारख्या माशांसाठी सूचना अशी, की मासा एकदा 21 डिग्रीच्या वर गेला असेल तर 4.4 च्या वरचा सगळा वेळ मिळून 4 तासांच्या पुढे जाता कामा नये. आणि त्याच्याआधी बोटीवर बर्फ कधी पडला हे तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

बंगड्याची गोष्टच वेगळी आहे. बंगडा, कुपा, तारली ह्यांच्या मांसात हिस्टिडिन जास्त असतं, बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करतात, आणि हिस्टामिन हवेत उडत नाही. वास नाही, वायू नाही, म्हणजे ठिपक्याला ते दिसणारच नाही, तो पिवळाच राहणार. नंतर बर्फात घाला, फ्रीझ करा, तिखल्यात उकळा नाहीतर रवा लावून तळा, झालेलं हिस्टामिन जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं, छाती धडधडते, तेही जेवणानंतर थोड्याच वेळात, आणि लोक समजतात आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. अशी किती माणसं आयुष्यभर बंगडा सोडून बसली असतील, मला खरंच वाईट वाटतं.

मी लॉट होल्डवर टाकला. सर चिडले, आणि त्यांचं पण बरोबर होतं, वरून फोन येत होते, सगळ्या ग्राहकांना मेसेज जाणार, पैसे परत द्यायचे, सगळं त्यांच्याच डोक्यावर. मी म्हटलं सर, हिस्टामिनची स्ट्रिप टेस्ट करू द्या, नुसत्या माझ्या शब्दावर नका थांबवू. वेगवेगळ्या क्रेटमधून बंगडे घेतले, एकाच क्रेटमधून घेऊन चालत नाही, कारण हिस्टामिन सगळ्या माशांत सारखं होत नाही. काही स्ट्रिप साफ आल्या आणि काही नाही. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट नंतर आला त्यातही तेच, एका बंगड्यात जवळजवळ काही नाही आणि त्याच क्रेटमधल्या दुसऱ्यात कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, किलोमागे 200 मिलिग्रॅमची मर्यादा केव्हाच ओलांडलेली. स्ट्रिप बघितल्यावर सर काही बोलले नाहीत, स्वतःच ऑफिसमध्ये जाऊन ऑर्डरी रद्द करायला बसले. सगळा लॉट नष्ट केला. मावशींना फार लागलं ते, "एवढा चांगला मासा" असं दोनतीनदा म्हणाल्या, मग मी त्यांना रिपोर्ट मराठीत समजावून सांगितला तर त्यांनी विचारलं की मग डॉकवर बर्फ घालतानाच ही पट्टी का नाही लावत. एकदम बरोबर, आम्ही ती टेम्पोत माल चढवताना लावायचो. आता लावतो बर्फ घालतानाच. बोटीवरून लावून घ्यायचं अजून जमलेलं नाही, तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, त्यांच्याशी बोलणं चालू आहे, त्यांचा प्रश्न सरळ आहे की पट्टी निळी झाली तर आमचा भाव पाडणार का, आणि ह्याचं उत्तर कंपनीने द्यायला पाहिजे.

बंगडा, कुपा आणि तारलीच्या पॅकवरून ते पिवळं लेबल आम्ही काढलंच. बोंबील-पापलेटवर आहे, पण 'पिवळा म्हणजे ताजा' हे छापलेलं मी भांडून बदलून घेतलं, आता तिथे एवढंच लिहिलंय की रंग हिरवा किंवा निळा झाला तर खाऊ नका.