डबल नट मागवण्यापूर्वी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मी जुन्या सीएनसी यंत्रांची दुरुस्ती करतो. बॉल स्क्रू (यंत्राचे टेबल सरकवणारा, नटमध्ये लोळणाऱ्या गोळ्यांवर चालणारा स्क्रू) बदलण्याची वेळ आली की मालक बहुधा एकच आग्रह धरतात : "डबल नटच बसवा, म्हणजे बॅकलॅशची कटकट कायमची मिटेल." बॅकलॅश म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी मोकळी, वाया जाणारी हालचाल. डबल नटबद्दलची ही समजूत अर्धीच खरी आहे.

बॅकलॅश जातो तो प्रीलोडमुळे, म्हणजे गोळ्यांवर आधीच ठेवलेल्या ताणामुळे, आणि प्रीलोड सिंगल नटमध्येही देता येतो. त्यासाठी नटमध्ये किंचित मोठ्या व्यासाच्या गोळ्या भरतात किंवा नटच्या मध्यावर लीड (एका फेऱ्यात नट पुढे सरकतो ते अंतर) थोडी सरकवतात. मोठ्या गोळ्यांच्या पद्धतीत प्रत्येक गोळी खोबणीला चार ठिकाणी टेकते, त्यामुळे लोळण्याबरोबर घासणेही वाढते, नट तापतो आणि प्रीलोड हलकाच ठेवावा लागतो. डबल नटमध्ये दोन नटांच्या मध्ये नेमक्या जाडीचा स्पेसर (अंतर राखणारी कडी) बसवलेला असतो. गोळी दोनच ठिकाणी टेकत असल्याने तो जास्त प्रीलोड पेलतो आणि जड कटला लागणारा ताठरपणा त्यातून मिळतो. बाहेरचा अक्षीय भार प्रीलोडच्या सुमारे २.८३ पट झाला की पलीकडच्या नटचा ताण संपतो, म्हणून कमाल भाराच्या साधारण एक तृतीयांश प्रीलोड धरण्याची रीत आहे.

मात्र डबल नट लांब असतो, त्यामुळे स्ट्रोक, म्हणजे यंत्राचा सरकता भाग जाऊ शकतो ते अंतर, कमी होतो. काही वर्षांपूर्वी एका लहान लेथवर स्ट्रोक न मोजता मी तो बसवला आणि मालकाचा नेहमीचा लांब शाफ्ट त्या यंत्रावर बसेनासा झाला. ती चूक पूर्णपणे माझी होती, आणि तेव्हापासून मोजमाप घेतल्याशिवाय मी ऑर्डर देत नाही.

उष्णतेचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. पोलाद दर मीटरला एका अंश सेल्सिअसमागे सुमारे १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढते, म्हणजे एक मीटरचा स्क्रू पाच अंशांनी तापला तर ६० मायक्रॉनचा फरक पडतो. जानेवारीतल्या गार सकाळी लावलेला पहिला जॉब आणि दुपारचा जॉब यांच्या मापात फरक येतो तो बराचसा यामुळेच, आणि गरजेपेक्षा जास्त प्रीलोड त्यात भर घालतो. शिवाय स्क्रूच्या लीडमधली मूळची चूक कोणताही प्रीलोड सुधारू शकत नाही. त्यावर वरच्या ग्रेडचा स्क्रू घेणे हा उपाय असतो.

म्हणूनच माझी विनंती असते की नट ठरवण्यापूर्वी डायल (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) लावावा. स्क्रूच्या टोकावरील सेंटर होलमध्ये ग्रीस लावून एक पोलादी गोळी चिकटवावी, डायलचे सपाट टोक तिच्यावर टेकवावे आणि टेबल दोन्ही दिशांना थोडे थोडे चालवावे. डायलचा काटा हलला तर स्क्रूच अक्षाच्या दिशेने सरकत असतो आणि दोष नटमध्ये नसून टोकाच्या बेअरिंगमध्ये असतो. गेल्या महिन्यात सातपूरच्या एका कारखान्यात काटा ३० मायक्रॉन हलला. तिथे बेअरिंगचा लॉकनट सैल झाला होता. तो नीट कसल्यावर बॅकलॅश पाच मायक्रॉनवर आला, आणि डबल नटची तयार झालेली ऑर्डर मालकांनी त्याच दुपारी रद्द केली.