किनाऱ्यावरचे पक्षी टिपताना

हिवाळ्यात कोकणातल्या आंजर्ल्याच्या पुळणीवर कुरवांचे थवे उतरतात, तेव्हा त्यांच्यामागे फिरायला जड ६०० मिमी प्राइमपेक्षा (झूम न होणाऱ्या लेन्सपेक्षा) हातात सहज पेलणारी १००-४०० मिमी झूम लेन्सच मला अधिक उपयोगी वाटते, कारण १.५ क्रॉप फॅक्टरच्या, म्हणजे दृश्य दीडपट जवळ भासवणाऱ्या लहान सेन्सरवर ती तेवढाच पल्ला देते. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंद ठेवावे. खरी कसोटी पांढऱ्या पिसांची असते: सुरूच्या गर्द बनापुढून समुद्रगरुड गेला, की कॅमेरा त्या काळोखाला भुलतो आणि पोटावरची पिसे पांढरीफटक पडून त्यांतला सगळा तपशील हरवतो, म्हणून हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहत एक्स्पोजर साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा करावा. वाळूत आडवे होऊन, त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून टिपलेला चिखल्या हा छोटा किनारपक्षी विलक्षण जिवंत दिसतो. घरट्याजवळ मात्र मुळीच जाऊ नये.