चरबीची म्हणून काढलेली गाठ

डाव्या मांडीला आतल्या बाजूने गाठ आली तेव्हा मी मनावर घेतलं नाही. दुखत नव्हती. शिलाई मशीनचं पायडल मारताना थोडं ओढ लागल्यासारखं व्हायचं, एवढंच. वर्षभरात लिंबाची मोसंबी झाली, तेव्हा तालुक्याच्या गावी एका सर्जनना दाखवली. "चरबीची आहे ताई, अर्ध्या तासाचं काम," म्हणाले. एमआरआय नाही, सुईने तुकडा काढून तपासणं नाही. गाठ काढली आणि प्लास्टिकच्या बरणीत घालून ह्यांच्या हातात दिली. "वाटलं तर तपासून घ्या."

ह्यांना वाटलं, म्हणून मी आज हे लिहितेय. पिशवीत बरणी उभी धरून ते एसटीने कराडच्या लॅबला गेले. त्याआधी मी तिच्यात डोकावले होते. साबुदाण्याच्या खिरीसारखा पिवळट, बुळबुळीत गोळा. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: मिक्सॉइड लायपोसार्कोमा. चरबीचीच गाठ, पण कॅन्सरची.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने दादरला उतरलो आणि परळला टाटा हॉस्पिटल गाठलं. राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. जाताना लॅबमधून स्लाइड आणि गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक मागून नेले होते, ते फार उपयोगी पडलं. तिथे सगळं पुन्हा तपासलं, जीनची एक टेस्टही झाली. मांडीचा एमआरआय काढला, पाठीच्या कण्याचाही. हा प्रकार कण्यात आणि शरीरातल्या इतर चरबीत पसरू शकतो म्हणे. छातीचा सीटी तर सार्कोमात, म्हणजे चरबी, स्नायू, हाडं अशा भागांतून होणाऱ्या कॅन्सरमध्ये, करतातच, कारण तो बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरमध्ये सार्कोमा जेमतेम एक, आणि त्यातही सत्तरहून जास्त प्रकार. गावच्या डॉक्टरांनी आयुष्यात एखादाच पाहिला असेल, हे मला कळतं. पण न तपासता काढायची घाई का केली, हे अजून मनातून जात नाही.

टाटातल्या सर्जननी माझ्या व्रणावरून बोट फिरवलं आणि क्षणभर गप्प झाले. व्रण मांडीला आडवा होता. मग त्यांनी समजावलं. हातापायावर काप उभा घ्यायचा, म्हणजे पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर व्रणासकट सगळी वाट एका पट्ट्यात काढता येते. आडवा काप असला की कातडी आणि स्नायू खूप रुंद काढावे लागतात. ऑपरेशननंतर आतलं पाणी निघायला नळी घातली होती, तिचं भोकसुद्धा काढायचं, कारण त्या वाटेने पेशी सांडलेल्या असू शकतात. मी शिवणकाम करते. कापड चुकीच्या बाजूने कापलं तर किती वाया जातं, हे मला कुणी सांगायला नको.

"पाय काढावा लागेल का?" मी विचारलं. आता दहातल्या नऊ जणांचा तरी पाय वाचवता येतो, असं ते म्हणाले. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपले.

ऑपरेशन पाच तास चाललं. मांडीवर जी जागा उघडी राहिली तिथे दुसऱ्या मांडीची कातडी लावली. जिथून कातडी घेतली ती जागाच जास्त झोंबायची! बारा दिवस नळीची बाटली हातात धरून चालले. केशरी रेशन कार्डावर महात्मा फुले योजनेत बसलो, नाहीतर घर विकावं लागलं असतं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये दीड सेंटिमीटर गाठ सापडली. पहिल्या वेळी आत राहिलेली. काढलेल्या भागाच्या कडा मात्र सगळ्या बाजूंनी स्वच्छ, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. मग शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, तीस दिवस, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे.

माझी कळकळीची विनंती आहे. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, वाढत असेल किंवा खोल असेल, तर दुखत नसली तरी आधी एमआरआय आणि सुईची बायोप्सी. तीही जिथे ऑपरेशन होणार तिथल्याच सर्जनला विचारून, कारण सुईची वाटसुद्धा पुढे काढावी लागू शकते. आणि काढलेली कुठलीही गाठ तपासल्याशिवाय टाकू देऊ नका.

आता दर तीन महिन्यांनी परळला जाते, दोन वर्षं अशीच, मग सहा महिन्यांनी. गुडघा पूर्ण वाकत नाही, म्हणून मशीनला मोटर बसवली. परवा पुतणीच्या लग्नाचे सात ब्लाउज शिवून दिले.