घर लांब

२०१९चा फेब्रुवारी. आमच्या कंपनीच्या (नाव नको, आता मी तिथे नाही) नकाशावर जुन्नर तालुका लालभडक दिसत होता. आम्ही शेतीपंपाला बसवायचा डबा विकायचो. आत सिमकार्ड. लाइट आली की डबा शेतकऱ्याला मिस कॉल द्यायचा, शेतकऱ्याने उलट मिस कॉल दिला की मोटर सुरू. जोडीला देखणं ॲप होतं: मोटर किती तास चालली, किती पाणी गेलं, सगळं आलेखात. महिनाभर ॲप उघडलं नाही की तो ग्राहक आमच्या लेखी 'निष्क्रिय'. ओतूरकडचे झाडून सगळे निष्क्रिय होते. वर नऊ डबे 'बिघडला' म्हणून दुकानात परत येऊन पडलेले. साहेब म्हणाले, एकदा जाऊन ये, नाहीतर तो भाग सोडून देऊ.

दुकान म्हणजे मोटर रिवाइंडिंगचं. दारातच वॉर्निशचा वास. आमची 'पाणी वाचवा, स्मार्ट व्हा' छापलेली गुळगुळीत पत्रकं मिस्त्रींनी जमिनीवर अंथरली होती आणि त्यांवर वॉर्निश निथळत एक मोटर वाळत होती. पत्रकाचा मजकूर मी लिहिला होता.

मी मीटर काढून बसलो. पहिला डबा चांगला. दुसराही चांगला. मिस्त्री तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "डब्याला काय नाय झालं साहेब. सिम मेलंय."

२०१८च्या शेवटी मोबाइल कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली होती. तोवर डब्यातल्या सिमला खर्चच नव्हता. डबा मिस कॉल देणार, शेतकरी उचलणार नाही, पैसे कटायचा प्रश्नच नाही. एकदा टाकलेलं सिम वर्षानुवर्षं चालायचं. त्या अटीनंतर ३५ रुपये भरले नाहीत की आधी जाणारे कॉल बंद व्हायचे, मग येणारेही. नऊपैकी सात डबे असे मुके-बहिरे झालेले. उरलेल्या दोघांत फक्त फोरजीवर चालणारं सिम घातलं होतं, आणि आमचा मॉडेम टूजीचा. एवढं साधं कारण पुण्यात आम्हा कोणालाच कळलं नव्हतं, कारण आम्ही ॲपकडे बघत होतो.

"मग बाकीच्यांचे कसे चालू आहेत?" मी विचारलं.

मिस्त्रींनी गल्ल्याखालून वही काढली. दोनशे पानी, कव्हरला तेलाचे डाग. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, सिमचा नंबर, रिचार्जची तारीख. ते स्वतःच रिचार्ज मारायचे, पैसे नंतर. नावापुढे बारीक अक्षरात शेरे होते. 'घर लांब.' 'मोटर नदीवर.' 'पोरगा चाकणला.' पानापानावर 'घर लांब' आणि 'मोटर नदीवर'.

"हे काय?"

"ज्याची विहीर घरामागं, तो कशाला घेईल डबा? उठला, बटण दाबलं, झोपला. ज्याला रात्री दोनला उसातनं जायचंय, तो घेतो." शेतीची लाइट आठवड्याआड रात्रीच यायची. इकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मिस्त्रींनी तो शब्द काढला नाही. उसातनं म्हणाले, तेवढंच पुरे होतं.

आम्ही गिऱ्हाइकांची वर्गवारी केली होती एकरांवर आणि पिकावर. पाच एकरांच्या वर, द्राक्ष-टोमॅटो, असा आमचा 'आदर्श ग्राहक'. घर आणि मोटर यांच्यातलं अंतर हा रकानाच आमच्या फॉर्मवर नव्हता. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ साली अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांत कसं पसरलं ते मांडलं होतं: बातमी विक्रेत्याकडून कळते, पण विश्वास शेजाऱ्यावर बसतो. हे मी परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. आणि पत्रकं छापली होती.

'पोरगा चाकणला' कोण, म्हणून संध्याकाळी एका मळ्यात गेलो. आजींनी चहा ठेवला. घरात स्मार्टफोन नव्हताच. डब्याचा मिस कॉल जायचा चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला असलेल्या मुलाला. तो तिथूनच मोटर चालू करायचा आणि चार तासांनी बंद. म्हातारा-म्हातारी झोपलेली. आमच्या नोंदीत हे घर तीन महिने निष्क्रिय होतं. त्या तीन महिन्यांत रात्रीच्या लाइटचा एकही आठवडा त्यांनी वाया घालवला नव्हता.

"पाणी किती वाचतं हो?" मी उगाच विचारलं.

"वाचायचं काय त्यात?" आजी म्हणाल्या. "कांद्याला लागतं तेवढं लागतंच की."

पुण्यात परतल्यावर मी तीन मागण्या लिहून दिल्या: फॉर्मवर अंतराचा रकाना, मिस्त्रींना रिचार्जवर कमिशन, आणि सिमची मुदत संपण्याआधी आठवण. पहिल्या दोन मान्य व्हायला पाऊस उजाडला. तिसरी मात्र सॉफ्टवेअरवाल्यांनी पंधरा दिवसांत करून दिली. आठवण येऊ लागली, ॲपवर.